बीथोव्हेनचा चेलो: पाच सोनाटा, संथ भाग एकच

साल १७९६. बर्लिनच्या दरबारात पंचविशीतला बीथोव्हेन पियानोला बसलाय. सोबत चेलोवर (व्हायोलिनच्या कुळातलं, मोठं नि खर्जातलं वाद्य) झाँ-लुई द्यूपोर, राजाच्या पदरचा नामवंत फ्रेंच वादक. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्हेल्म दुसरा स्वतःही चेलो वाजवायचा. दोन नव्या सोनाटांची (सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची, अनेक भागांची रचना) बिदागी म्हणून त्याने सोन्याची तपकिरीची डबी दिली, तीही नाण्यांनी भरून. ही डबी साधीसुधी नाही, राजदूतांना देतात तसली आहे, असं बीथोव्हेन पुढे तोऱ्यात सांगायचा.

ओपस ५ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) म्हणून हे सोनाटा छापले गेले, तेव्हा मुखपृष्ठावर पियानो आधी आला, चेलो नंतर. कानांनाही तेच जाणवतं. पियानो सुसाट धावतो. वाजवणारा स्वतः बीथोव्हेन, मग काय! हायडन-मोझार्ट या आधीच्या दिग्गजांनी या जोडीसाठी सोनाटा लिहिलेच नव्हते, त्यामुळे गिरवायला कित्ताही नव्हता. पण एक गोष्ट खटकते. चेलो खुलतो तो लांबवलेल्या, संथ सुरात, आणि नेमका स्वतंत्र संथ भाग दोन्हींत नाही. त्या काळच्या पियानोचा सूर चटकन विरायचा, म्हणूनही असेल.

पुढचा, तिसरा सोनाटा: ओपस ६९, ए मेजर या स्वरपट्टीतला. १८०८ मध्ये पूर्ण झालेला. इथे सुरुवातच चेलो करतो, एकटा, खर्जात. पियानो गप्प. मग चेलो खालच्या एका सुरावर ठाण मांडतो आणि त्यावर पियानो उत्तर देतो. थोड्याच वेळात अदलाबदल: तीच चाल पियानोकडे. बरोबरीचं नातं पहिल्या पानावरच ठरून जातं. स्वतंत्र संथ भाग मात्र इथेही नाही; आहे तो अवघ्या १८ बारांचा (तालाच्या आवर्तनांचा) तुकडा. मन रमतंय तोच शेवटचा वेगवान भाग सुरू.

१८१५ चा उन्हाळा. आदल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी व्हिएन्नातला रझुमोव्स्की या रशियन सरदाराचा राजवाडा आगीत सापडलेला. त्याच्या पदरच्या चार वादकांच्या चौकडीतला चेलोवादक योसेफ लिंके आता बीथोव्हेनची मैत्रीण काउंटेस एर्डोडी हिच्या, व्हिएन्नाजवळच्या येडलझे गावातल्या घरी मुक्कामाला आहे. त्याच्यासाठी बीथोव्हेन ओपस १०२ चे दोन सोनाटा लिहितो. आणि त्यांतल्या दुसऱ्यात, म्हणजे एकूण पाचव्यात, तो संथ भाग अखेर येतो: डी मायनर स्वरपट्टीतला, गंभीर, चांगला ऐसपैस. माझ्या मते पाचही सोनाटांमधलं हे शिखर.

त्यानंतर विसावा नाही. चेलो एक साधी चढती सरगम वाजवतो, पियानो ती परत म्हणतो आणि फ्यूग (एकच चाल एकामागून एक येत एकमेकींत गुंफली जाते तो प्रकार) सुरू होतो, इतका खडबडीत की तेव्हाच्या समीक्षकांना तो पचलाच नाही.