काक्षीचा रंग मोजताना

मंडळी, जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृगनक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. एका कोपऱ्यात तांबूस काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज. तिरप्या समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य, म्हणजे रायगेल. यांतला अधिक तेजस्वी कोणता, असं मी विचारलं तर तुम्ही मला उलट विचारायला हवं: कोणत्या रंगात?

तेजाचं माप म्हणजे प्रत. ठळक तारे पहिल्या प्रतीचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या, ही जुनी ग्रीक वर्गवारी. १८५६ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉग्सन यांनी ती गणितात बसवली: पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभरपट फरक. हे पॉग्सन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये वारले तेही मद्रासमध्येच. आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही, म्हणून मी आवर्जून सांगतो.

जुन्या फोटोच्या काचांना निळा प्रकाश जास्त दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे डोळ्यांना ठळक वाटणारी काक्षी काचेवर फिकी उमटायची. या विसंगतीतूनच रंग मोजायची वाट सापडली. १९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन या खगोलशास्त्रज्ञांनी अतिनील, निळी आणि पिवळसर हिरवी अशा तीन ठरावीक गाळण्यांची (फिल्टरांची) पद्धत घालून दिली. निळ्या गाळणीतल्या प्रतीतून हिरवीतली प्रत वजा करायची. उरतो तो रंगनिर्देशांक. अभिजितचा शून्य, सूर्याचा सुमारे ०.६५, राजन्याचा शून्याच्या किंचित खाली, काक्षीचा तब्बल १.८५ च्या आसपास. हिरव्या गाळणीतून हे दोघे जवळपास बरोबरीचे. निळ्या गाळणीतून पाहिलं तर काक्षी राजन्यापेक्षा सुमारे आठपट मंद!

मला यातली वजाबाकी फार आवडते. ताऱ्याचं अंतर दोन्ही आकड्यांत सारखंच शिरलेलं असतं, म्हणून वजा करताच ते निघून जातं. तारा किती लांब आहे हे ठाऊक नसतानाही नुसत्या रंगावरून त्याच्या पृष्ठभागाचं तापमान हाती येतं. मात्र वाटेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि तारा आहे त्याहून तांबडा दाखवते. क्षितिजाजवळ आपलं वातावरणही तेच करतं. म्हणून क्षितिजापासूनची उंची साधारण सारखी असलेल्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यांशीच तुलना करायची.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागली. एरवी ०.५ प्रतीच्या आसपास असणारी काक्षी फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरली, मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सइतकी. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी रोहिणी आणि बेलाट्रिक्सशी ताडून हे टिपलं. स्फोट होणार, अशी चर्चा रंगली. पण वर्णपटावरून काढलेलं तापमान इतक्या मोठ्या घसरणीला पुरेल एवढं उतरलं नव्हतं. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला. ताऱ्यानंच बाहेर टाकलेला वायू पृष्ठभागावरच्या एका थंड डागाजवळ निवून त्याची धूळ झाली आणि ती आपल्या दृष्टिरेषेत आली, असं २०२१ मध्ये संशोधकांनी मांडलं.