वेगळ्या कागदावरचं नाव

(दृश्य: सकाळची वेळ. तहसील कार्यालयाबाहेरचा रस्ता, झेरॉक्सचं दुकान, स्टॅम्पवाल्याचं टेबल.)

जिल्ह्याच्या पानावर ही बातमी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली असते. अमुक गावच्या तलाठ्याला लाच घेताना पकडलं. रक्कम किती, सापळा कुठे लावला, तलाठ्याचं नाव, वय, सगळं छापलेलं असतं. ज्यानं तक्रार केली त्याचं नाव मात्र नसतं. तिथे एकच शब्द असतो, तक्रारदार.

आणि पुढची ओळ अशी: तक्रारदाराने वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी अर्ज केला होता.

आता गाव दोन हजार वस्तीचं. गेल्या सहा महिन्यांत कुणाचे वडील गेले आणि कुणाचा फेरफार अडकला होता, हे पारावर बसलेलं कुणीही सांगेल. नाव छापायची गरजच काय?

(दृश्य: अंधाऱ्या खोलीत निळसर प्रकाशाखाली हाताचे तळवे.)

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा माणसाशिवाय लागत नाही. 1064 वर फोन केला की आधी पडताळणी होते. तक्रारदाराला रेकॉर्डर देऊन पुन्हा साहेबांकडे पाठवतात, मागणी खरंच होते का ते पंचांसमोर पाहतात. मग नोटांना ॲन्थ्रासीनची पावडर लावतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. ज्याच्या बोटांवर चमक, त्यानं नोटा हाताळल्या. पुरावा पक्का. पण त्या नोटा घेऊन आत जाणारा माणूस उद्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणार असतो, आणि परवा त्याला त्याच कार्यालयात सातबारा काढायला जायचं असतं.

म्हणून बरेच जण दुसरा रस्ता धरतात. ‘साहेबांचं बघावं लागेल’ असं कुणी म्हटलं की खिशात हात घालतात, आणि नंतर चहाच्या टपरीवर मित्रांना सांगतात. 15 ऑगस्ट 2010 ला बेंगळुरूच्या जनाग्रह या संस्थेनं ही टपरीच इंटरनेटवर नेली. वेबसाइटचं नाव ‘आय पेड अ ब्राइब’. मी लाच दिली. शहर सांगा, खातं सांगा, काम काय होतं आणि किती मोजले ते लिहा. तुमचं नाव नको. ज्यांनी पैसे द्यायला नकार दिला त्यांच्यासाठी वेगळी जागा होती, आणि ज्यांना प्रामाणिक अधिकारी भेटला त्यांच्यासाठीही. हे शेवटचं मला फार आवडलं, कारण निनावीपणे कुणाचं भलं बोलणारी माणसं एरवी दिसत नाहीत.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात या साइटवर लाच घेणाऱ्याचंही नाव छापत नसत. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. चोराला कशाला झाकता? पण सांगणारा निनावी असताना दुसऱ्याचं नाव छापायचं, तर शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असलेला कुणीही त्याच्या हवालदार जावयावर दोन ओळी खरडेल. त्या खऱ्या की खोट्या, हे तपासायला समोर कुणी नसणार.

(दृश्य: आरटीओचं मैदान. पांढऱ्या पट्ट्यांमधून उलटी जाणारी मोटार.)

मग नावाशिवाय हाती काय लागतं? लागते ती खिडकी. एकाच खिडकीबद्दल, एकाच कामासाठी, जवळपास एकाच रकमेच्या नोंदी अनोळखी माणसांकडून येऊ लागल्या, की त्या सगळ्यांनी ठरवून खोटं लिहिलं असं म्हणणं अवघड होतं. कर्नाटकचे तेव्हाचे परिवहन आयुक्त भास्कर राव यांनी या नोंदी गांभीर्यानं घेतल्या. बेंगळुरूत वाहन चालवण्याची चाचणी सेन्सर लावलेल्या ट्रॅकवर होऊ लागली. गाडी पट्टीवर गेली की नाही, हे शेजारी बसलेल्या निरीक्षकाऐवजी यंत्र सांगू लागलं. पास-नापास करण्याची जी सत्ता विकली जात होती, ती त्या खुर्चीतूनच काढून घेतली. यात कुणी तुरुंगात गेलं नाही. ज्याच्या खिशातून पैसे गेले, त्याला ते परतही मिळाले नाहीत.

ही कल्पना केनियात गेली. 2011 मध्ये चीनमध्येही तिच्या नकला उगवल्या. लोकांची तिथे झुंबड उडाली आणि सरकारनं काही आठवड्यांतच त्या बंद पाडल्या.

आपल्याकडे साइट कुणी बंद केली नाही. पण 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि लाच देणं हा सरळ गुन्हा झाला. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सूट आहे, मात्र सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायला हवं. म्हणजे आठव्या दिवशी ‘मी लाच दिली’ असं स्वतःच्या नावानं लिहिणारा माणूस, कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर, कबुलीजबाब लिहीत असतो.

(दृश्य: हमरस्ता, रात्र. ट्रकांचे दिवे.)

नाव द्यायचं आणि तरीही लपवायचं, असा तिसरा रस्ता एका माणसानं काढला होता. सत्येंद्र दुबे. बिहारच्या सिवान जिल्ह्यातल्या गावचा मुलगा, आयआयटी कानपूरचा सिव्हिल इंजिनिअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरीला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या औरंगाबाद–बाराचट्टी टप्प्यावर त्याचं काम चाललं होतं. हे औरंगाबाद बिहारमधलं. कंत्राटं मोठ्या कंपन्या घेत होत्या आणि प्रत्यक्ष काम भलत्याच छोट्या उपकंत्राटदारांच्या गळ्यात पडत होतं. नोव्हेंबर 2002 मध्ये त्यानं थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं.

पत्रावर सही नव्हती. पण निनावी पत्र केराच्या टोपलीत जातं, हे सरकारी नोकराला ठाऊक असतंच. म्हणून स्वतःची माहिती त्यानं वेगळ्या कागदावर लिहून जोडली, आणि ओळख गुप्त ठेवा अशी विनंती केली.

पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आलं. जोडलेल्या कागदासकट. आधी रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे, तिथून महामार्ग प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्या कार्यालयाबद्दल तक्रार होती त्याच कार्यालयात. यात कुणाचा कट असावा लागतो असंही नाही. आपल्याकडे अर्ज असाच फिरतो. चौकीतल्या जमादाराची तक्रार वर करा, ती उतरत उतरत त्याच चौकीत येते आणि तोच जमादार फोन करून विचारतो, ‘काय हो, तुमचं काय म्हणणं आहे?’

27 नोव्हेंबर 2003 च्या पहाटे गयेत दुबेंना गोळी घालण्यात आली. ते वाराणसीहून एका लग्नाहून परतत होते. सीबीआयच्या तपासात हा लुटीच्या प्रयत्नात झालेला खून ठरला आणि 2010 मध्ये पाटण्याच्या न्यायालयानं तिघांना जन्मठेप सुनावली. घरच्यांचं त्यानं समाधान झालं नाही. पत्राचा आणि गोळीचा संबंध न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हे इथे सांगायलाच हवं. त्यांचं नाव फुटलं होतं, हे मात्र कुणी नाकारत नाही.

(दृश्य: टेबलावर तपकिरी पाकीट. कुणीतरी ते डिंकानं बंद करतंय.)

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल 2004 मध्ये केंद्र सरकारनं माहिती देणाऱ्याच्या संरक्षणाचा ठराव काढला. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करायची. तिची पद्धत आजही तीच आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. तक्रार बंद पाकिटात, टपालानं. मजकुरात आपली ओळख पटेल असा धागादोरा ठेवू नये. निनावी तक्रार चालणार नाही. नाव आणि पत्ता तक्रारीच्या सुरुवातीला किंवा शेवटी द्यावा, किंवा सोबत जोडलेल्या पत्रात.

सोबत जोडलेल्या पत्रात. दुबेंनी केलं होतं तेच.

संसदेनं 2014 मध्ये यासाठी कायदाही केला. राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करण्याचं घोडं तिथेच अडलं. त्या कायद्यातही निनावी तक्रारीवर कारवाई नाहीच. आणि 2004 चा ठराव केंद्राच्या खात्यांपुरता. आपला तलाठी, आपला फौजदार त्यात बसत नाहीत.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर एका फाइलीचा फोटो.)

एव्हाना कुणी म्हणेल, पाकीट कशाला? आता टॉर आहे, इंटरनेटवर आपला माग लपवणारं जाळं. खरंच आहे. तुमचा निरोप एकात एक गुंडाळलेल्या थरांतून तीन संगणकांकडून जातो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण निरोप कुठे चाललाय ते कळत नाही. शेवटच्याला नेमकं उलटं. कांद्यासारखे थर, म्हणून त्याचं नावच कांद्यावरून पडलंय. नाशिककरांनी खूश व्हावं.

पण पाठवलेला कागद कार्यालयात तीनच जणांनी पाहिलेला असेल, तर कांद्याचे कितीही थर असोत, साहेब तिघांनाच बोलावणार. फोटोत टेबलाचा कोपरा आला, शेऱ्यातलं अक्षर ओळखीचं निघालं, की संपलं. वारसनोंदीवाल्या तक्रारदाराचंही हेच झालं होतं.

(दृश्य: टपाल कार्यालय. काउंटरवरची बाई पाकीट उलटसुलट करून पाहते.)

2004 च्या ठरावाखालच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसला तरी ते घ्यावं, अशा सूचना टपाल खात्याला आहेत. आयोग पोचपावती पाठवत नाही, कारण पोचपावतीचं पाकीट घरी आलं तरी नाव फुटू शकतं. पाठवणाऱ्यानंही पुढे पत्रव्यवहार करू नये, असं सांगितलेलं आहे.

काउंटरवरची बाई वजन करते. मागची बाजू कोरी. शिक्का मारते आणि पुढच्याला हाक देते.