सत्तरीनंतरचा थायरॉइड

(दृश्य: सुरकुतलेल्या हातात पकड मोजण्याचं यंत्र. काटा हळूहळू सरकतो.)

वार्धक्यातला अशक्तपणा मोजता येतो. मूठ आवळायला सांगतात, चार-साडेचार मीटर चालायला लावतात आणि घड्याळ लावून वेळ बघतात. अमेरिकेतल्या लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये यासाठी पाच खुणा ठरवून दिल्या. सैल पकड, मंद चाल, सततचा थकवा, कमी झालेली हालचाल, आणि काही न करता वर्षात साडेचार किलोच्या आसपास उतरलेलं वजन. यातल्या तीन दिसल्या, की माणूस दुर्बल गटात गेला.

थकवा आणि मंद चाल एवढं ऐकलं तरी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "थायरॉइड बघून घ्या एकदा." सल्ला वाईट नाही. पण म्हणणाऱ्याच्या मनात असतो तो कमी पडलेला थायरॉइड. म्हातारपणी खरी गफलत होते ती इथेच.

(दृश्य: पर्थ शहर. नदीकाठाने फिरणारे वृद्ध.)

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये ७० ते ८९ वयाच्या जवळपास चार हजार पुरुषांचं रक्त तपासलं गेलं. निष्कर्ष २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचं फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं थायरॉइडचं मुख्य हार्मोन, जास्त होतं, त्यांच्यात दुर्बलता अधिक आढळली. आणि हे 'जास्त' म्हणजे रिपोर्टवर लाल खूण उमटावी इतकं नव्हे. नॉर्मलच, फक्त वरच्या टोकाचं.

का बरं? थायरॉइडचं हार्मोन शरीराचा खर्च वाढवतं. ते जादा झालं, की स्नायूंमधली प्रथिनं मोडू लागतात, हाडांची झीज वाढते. मांड्या आणि खांदे आधी ढिले पडतात. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. अर्थात, पर्थच्या पाहणीत रक्त आणि दुर्बलता एकाच वेळी मोजली होती, त्यामुळे आधी काय झालं हे त्यातून कळत नाही. आजारपणात टी-फोरचं टी-थ्रीमध्ये, म्हणजे त्याच्या जास्त प्रभावी रूपात, रूपांतरही मंदावतं. म्हणजे दुर्बलतेमुळेच टी-फोर वाढलं, ही उलट दिशाही शक्य आहे.

तरुणपणी थायरॉइडचं हार्मोन जादा झालं, म्हणजे थायरॉइड वाढला, तर तो लपत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात. म्हाताऱ्या माणसात मात्र तो कधी कधी गुपचूप येतो. वजन उतरतं, माणूस गप्प होतो, कशात रस घेत नाही. बॉस्टनचे सर्जन फ्रँक लाही यांनी १९३१मध्येच हे रूप नोंदवलं होतं. आपल्याकडे त्यावर ठरलेलं उत्तर आहे: "वय झालं, चालायचंच."

(दृश्य: लायडन, नेदरलँड्स. कालव्याकाठची जुनी घरं.)

आता दुसरी बाजू. थायरॉइड कमी पडू लागला, की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच हे आपलं हार्मोन वाढवून त्याला हाकते. लायडनमध्ये ८५ वर्षांच्या ५९९ जणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. टीएसएच वाढलेल्यांची रोजची कामं अडली नव्हती, स्मरणशक्तीही जास्त खालावली नव्हती. उलट, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. हा अभ्यास २००४चा, आणि अजूनही तो वाचताना थबकायला होतं.

मग गोळी द्यायची की नाही? युरोपातल्या 'ट्रस्ट' चाचणीत ६५च्या पुढचे ७३७ जण होते. सगळ्यांचा टीएसएच किंचित वाढलेला, पण टी-फोर नॉर्मल. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. वर्षभराने खरी गोळी घेणाऱ्यांचे रिपोर्ट सुधारले. थकवा मात्र दोन्हीकडे सारखाच राहिला.

थायरॉइड खरोखर बंद पडलेल्यांना गोळी लागतेच. ती मनाने थांबवणं धोक्याचं. प्रश्न आहे तो पन्नाशीत सुरू झालेल्या आणि ऐंशीतही त्याच मात्रेत चालू असलेल्या गोळीचा. दरम्यान वजन घटलेलं असतं, गरज कमी झालेली असते, पण चिठ्ठी तीच. हार्मोन जादा झालं, की टीएसएच उतरतो. तो ०.१च्या खाली गेला, तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका साठीपुढे सुमारे तिप्पट होतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांच्या नोंदींवरून १९९४मध्ये दिसलं होतं.

(दृश्य: प्रयोगशाळेतल्या रक्ताच्या नळ्या.)

आणि किंचित वाढलेला टीएसएच? दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला, तर तो बऱ्याचदा आपोआप उतरलेला असतो. 'ट्रस्ट'मध्येही, औषध नसलेल्या गोळीवर, तो सरासरी ६.४ वरून ५.५ वर आला होता.