काळं कापड, पांढरा धागा

(हरणी विमानतळ, धावपट्टी)
बडोद्याच्या विमानतळाला लागून टाटा-एअरबसचा हा कारखाना. उद्घाटन ऑक्टोबर २०२४ चं. हवाई दलाच्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० इथे तयार व्हायची आहेत. त्यांचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमचा. पण वारं बदललंय. बोइंग ७८७ मध्ये वजनाने निम्मं कॉम्पोझिट, आपल्या तेजसच्या सांगाड्यात ४५ टक्के. कॉम्पोझिट म्हणजे धागा आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन, एक प्रकारची चिकट राळ.

(धाग्याचं रीळ, अगदी जवळून)
हा कार्बन फायबर, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक. मुळात पांढरं ॲक्रिलिक, आपल्या स्वेटरच्या लोकरीच्या जातीचं. २००-३०० अंशांवर हवेत तापवलं की पिवळं, तपकिरी, मग काळं. पुढे ऑक्सिजन लागू न देता हजार अंशांच्या वर भाजायचं. ॲक्रिलिक धागा आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत वर्षानुवर्षं निघायचा, इथेच, बडोद्यात! आणि ७८७ साठी कार्बन फायबर जातो जपानच्या तोरे कंपनीकडून.

(फ्रीझर, साच्यावरचे हात)
या धाग्याचं, रेझिन मुरवलेलं कापड उणे १८ अंशांत ठेवतात, नाहीतर ते आपोआप कडक व्हायला लागतं. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच फोडायची नाही, दव धरतं. मग थर लावायचे: उभा, आडवा, ४५ अंशांत तिरका. जिकडून ताण येणार, तिकडे धागा. प्रत्येक थराला चिकटलेली प्लॅस्टिकची फिल्म सोलून बाजूला. ताई नव्या पोराला बजावतात, "आधी फिल्म मोज, मग पुढचा थर लाव." एक जरी आत राहिली, तर आख्खा भाग भंगारात.

कोपऱ्यात फिरणारा हा अंगठा बघा. असं काम हाताला शिकवायलाच सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं होतं.

(बॅग, पंप, काटा)
वरून प्लॅस्टिकची बॅग, कडेला चिकट पट्टी, आणि आतली हवा ओढून घ्यायची. काटा जरा हलला, की गळती शोधत बसा. पुढचं काम ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीचं: १८० अंश, सहा-सात बार दाब. तिथे कॅमेरा जात नाही.

(नाण्याचा आवाज)
तयार भागावर नाणं वाजवून बघायचं. टणटण वाजलं तर ठीक. आवाज बसका आला, तर तिथे थर सुटलेत, मग अल्ट्रासाउंड. विमान उडायला लागल्यावरही हीच धास्ती: मार आत बसतो, वर ओरखडाही दिसत नाही. आणि घट्ट झालेलं हे रेझिन पुन्हा वितळत नाही, त्यामुळे जुन्या भागांचं करायचं काय, हा प्रश्न आहेच.