टांगणीला लागलेला चौदावा

डिसेंबर २०२१. नॉर्वेत या दिवसांत दुपारीच अंधारून येतं. फुटबॉलचा हंगाम आटोपलाय, पण दोन संघांना अजून सुटी नाही.

पहिला ब्रान. बर्गनचा, म्हणजे देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराचा. तीन वेळा लीग जिंकलेला. ब्रान म्हणजे आग.

दुसरा येर्व. हे नाव वुल्व्हरीनचं. उत्तरेकडच्या बर्फातला, अंगानं लहान पण भारी चिवट शिकारी. क्लबचं गाव ग्रिमस्टाड, दक्षिण किनाऱ्यावर. नाटककार इब्सेननं तरुणपणी औषधांच्या दुकानात उमेदवारी केली, ती इथेच. येर्वची स्थापना १९२१ची. शंभर वर्षं झाली, वरच्या लीगचं तोंड पाहिलेलं नाही.

त्या लीगचं नाव एलिटसेरियन. सोळा संघ. शेवटचे दोन थेट खाली. चौदावा मात्र टांगणीला. खालच्या विभागातले पहिले दोन थेट वर चढतात. तिसरा ते सहावा आपसांत झुंजतात आणि त्यातून उरलेला या चौदाव्यापुढे येऊन ठाकतो. वर्षभर मार खाल्लेला एकीकडे, नुकताच जिंकून आलेला दुसरीकडे. कागदावर बलवान कोण हे सांगता येतं. पाय कोणाचे लटपटतात, ते मैदानावरच दिसतं.

लिलेस्ट्रमला विचारा. १९७५पासून हा क्लब वरच्या लीगमधून कधी हललाच नव्हता. २०१९मध्ये चौदावा आला. खालून आलेल्या स्टार्ट या संघाविरुद्ध पहिला सामना १-२ असा गेला. घरी मात्र ४-० अशी आघाडी. झालं की! पण स्टार्टनं तीन गोल परत केले. एकूण ५-५, आणि परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून स्टार्ट वर. पंचेचाळीस हंगामांची बैठक मोडली.

आता चौदावा ब्रान आणि खालून आलेला येर्व. या वेळी सामना एकच. सावरायला दुसरी संधी नाही. जादा वेळ संपला तेव्हा फलक ४-४. मग पेनल्टी. पाच-पाच फटक्यांत निकाल लागेना. सहावा, सातवा, आठवा... अखेर ८-७.

येर्व वर. आग विझली, निदान वर्षभरासाठी.

२०२२मध्ये येर्व एलिटसेरियनमध्ये सोळावा, म्हणजे अगदी तळाला. त्याच हंगामात ब्राननं खालचा विभाग जिंकला. एक उतरत होता, दुसरा चढत होता, जिना तोच.