पलटणीचा सन्मान

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ओळख करून देताना संयोजक म्हणाले, "आज आपण परमवीर चक्र विजेत्यांविषयी ऐकणार आहोत." संयोजक माझे जुने मित्र. हार घालायच्या आधी हे बोलले असते, तर मी हार घेतला नसता. जाहीर झालेला विषय 'पलटणीचा सन्मान' आहे, तो मी मांडणारच आहे, पण आधी या 'विजेते' शब्दाचा निकाल लावू दे. पाच मिनिटं लागतील. माझी पाच मिनिटं केवढी असतात हे पहिल्या रांगेला ठाऊक आहे, म्हणून ती मंडळी हसताहेत.

विजेता कोण? जो स्पर्धेत उतरतो आणि बाकीच्यांना हरवतो. मग परमवीर चक्राच्या स्पर्धेत हरलं कोण? शेजारच्या खंदकातला त्याचा जोडीदार? वर्तमानपत्रं तर त्याच्याही पुढे जातात, "वीर चक्र पटकावले" असं छापतात. पटकवायला ती काय दहीहंडी आहे? परमवीर चक्र 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झालं आणि लागू केलं 15 ऑगस्ट 1947 पासून, कारण काश्मीरची लढाई मधल्या काळात होऊन गेली होती. आजवर ते 21 जणांना मिळालं. त्यांतल्या 14 जणांना मरणोत्तर. बक्षीस समारंभाला चौदा विजेते गैरहजर होते, असं म्हणायचं का?

मी एकदा एका दैनिकाला यावर तावातावाने पत्र लिहिलं. त्यांनी ते छापलं, अगदी चौकटीत. वर मथळा दिला: 'पदकविजेत्यांचा अवमान थांबवा'. तेव्हापासून मी पत्रं लिहीत नाही, व्याख्यानं देतो.

आपल्याकडे 'मानकरी' हा किती नेमका शब्द आहे! पालखीचा मानकरी पालखी जिंकून आणत नाही. मान त्याच्याकडे चालत येतो, आणि तो पालखीपुढे उभा राहतो गावाच्या वतीने. हे 'वतीने' जरा धरून ठेवा, मला ते शेवटी लागणार आहे. शेवटापर्यंत पोचलो तर.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. कारवारकडचा माणूस, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांचा, खडकीच्या परंपरेतला. एप्रिल 1948, काश्मीरची लढाई. नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली आहे आणि रस्ता म्हणजे सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं. रणगाडे पुढे सरकणार कसे? राण्यांच्या हाताखाली 37 असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी. 8 एप्रिलला काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांचा मारा आला. दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः. माणूस मागे गेला नाही. 11 तारखेपर्यंत, जवळजवळ झोपेशिवाय, सुरुंग काढत आणि अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत वाट करून दिली. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले.

आता माझी खोड ऐका. ही गोष्ट मी शाळांमधून कितीतरी वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी पोरांना विचारतो, बाकीचे सहा कुठे गेले? दोन मेले, चार जखमी झाले. त्यांची नावं सांगा. अजून एकाही शाळेत कुणी सांगितली नाहीत. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही हा प्रश्न पडला नव्हता. मी टाळ्या घेऊन घरी यायचो.

पहिली चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मूळ विषयाला एवढीच उरली.

तर भरभर सांगतो. पदक एका छातीवर लागतं, कारण सायटेशन, म्हणजे पदकासाठीचं पराक्रमाचं लेखी वर्णन, एका नावाचं लिहावं लागतं, आणि ते लिहायला कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. ही अडचण इंग्रजांनाही कळली होती. व्हिक्टोरिया क्रॉस हे त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक; त्याच्या 1856 च्या मूळ नियमांत तेरावं कलम आहे: अख्खी तुकडी सारखीच लढली असेल तर तिनेच आपल्यातून निवड करावी. अधिकाऱ्यांनी एक अधिकारी निवडावा, हवालदार-नायकांच्या दर्जाच्या लोकांनी त्यांच्यातला एक, साध्या शिपायांनी दोन. शेवटचा वापर झाला 1918 मध्ये, बेल्जियमच्या झेब्रुख बंदरावरच्या छाप्यानंतर. मला हे कलम फार आवडतं. तिथे क्रॉस घेणारा माणूस उघड उघड इतरांच्या वतीने उभा असतो. पालखीचा मानकरीच तो.

दुसरा रस्ता म्हणजे पलटणीलाच मान देणं. आपल्याकडे एखाद्या लढाईसाठी पलटणीला मिळणारा बॅटल ऑनर आहे, अख्ख्या युद्धक्षेत्रातल्या कामगिरीसाठीचा थिएटर ऑनर आहे, लष्करप्रमुखांचं युनिट सायटेशन, म्हणजे अख्ख्या पलटणीचं मानपत्र आहे. अमेरिकेत प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशनची निळी फीत असते. लढाईच्या वेळी पलटणीत असलेला ती कायम लावतो, नंतर आलेला त्या पलटणीत असेपर्यंत. बॅटल ऑनर मात्र पलटणीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालतो, म्हणून त्याची अडचणही होते. असई 1803, खडकी, सीताबर्डी हेही इंग्रजांनी दिलेले बॅटल ऑनरच, आणि ते कुणाविरुद्धच्या लढायांचे हे या सभागृहात सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने असे सन्मान साजरे करायचे नाहीत असं ठरवलं. यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. संयोजक मान हलवताहेत; आडवी.

शेवटचं. लडाखमधली रेझांग ला खिंड, चीनबरोबरचं युद्ध, 18 नोव्हेंबर 1962. 13 कुमाऊं या पलटणीची चार्ली कंपनी, सुमारे 120 माणसं, त्यांतली 110 हून अधिक तिथेच पडली. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र, इतर आठ जणांना वीर चक्र. जे थोडे परत आले त्यांच्या सांगण्यावर आधी विश्वास बसेना. फेब्रुवारी 1963 मध्ये लोक वर पोचले, तेव्हा बर्फात गोठलेले जवान सापडले, कित्येकांच्या हातात अजून शस्त्र होतं. इथे तेरावं कलम काय कामाचं? मत द्यायला उरलं कोण? 'रेझांग ला' हा बॅटल ऑनर पलटणीला मिळाला. कंपनी नव्याने उभी राहिली, आणि तिचं नाव ठेवलं रेझांग ला कंपनी.