अंडं आधी धुतलंय का?

[दृश्य: खुराड्याचा कोपरा, वाळलेलं गवत, कोंबडीचा क्लोजअप. सुरुवातीला फक्त आवाज.]

कोंबडी अर्धवट उभी राहते, अंग आखडते आणि अंडं गवतावर येतं. नजर कवचावर ठेवा. ते चमकतंय, कारण ते ओलं आहे. आता ही चमक एका बाजूने विझत जाईल. चित्राचा वेग वाढवलेला नाही, हे एवढ्याच वेळात घडतं.

वाळलं ते नुसतं पाणी नव्हे. अंड्यावर सगळीकडून चढलेला प्रथिनांचा एक थर आता कवचावर पक्का बसला. त्याला क्युटिकल म्हणतात. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, तीही सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी थर चांगला, काही ठिकाणी नावापुरता. अंडी फ्रिजमध्ये ठेवायची की बाहेर चालतात, यावर घराघरांत वाद होतात आणि देशादेशांचे कायदेही परस्परविरोधी आहेत. त्या भांडणाची सुरुवात या थरापासून होते.

[दृश्य: ॲनिमेशन, अंडनलिकेचा प्रवास.]

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. अंडाशयातून बलक सुटतो आणि अंडनलिकेच्या तोंडाशी पडतो. पुढच्या सुमारे ३ तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग जमतो. मग तासा-सव्वातासात दोन पापुद्रे चढतात. उकडलेलं अंडं सोलताना नखाला चिकटतात, तेच हे पापुद्रे. इथवर अंडं इतकं मऊ असतं की बोट लावलं तर खड्डा पडावा.

यानंतर ते कवच घडवणाऱ्या ग्रंथीत शिरतं आणि तिथे तब्बल २० तास मुक्काम ठोकतं. पापुद्र्यावर ठिकठिकाणी कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक धरतात, वर वाढतात, रुंदावतात आणि शेजाऱ्याला टेकले की थांबतात. यातलं बरंचसं काम रात्री होतं. पोटातल्या खाद्यातून कॅल्शियम कमी पडलं तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. अंडं बाहेर यायच्या आधीचे शेवटचे दीड-दोन तास उरले, की क्युटिकलचा हात फिरतो.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली कवच. आधी वरून, मग आडवा छेद.]

हा छेद बघा. उभे स्तंभ एकमेकांना चिकटून आहेत, पण काही जागी ते नीट जुळलेले नाहीत. तिथे आरपार नळी राहिली आहे. एका अंड्यावर अशी ७,००० ते १७,००० छिद्रं असतात, बोथट टोकाकडे जास्त दाटीने. ही चूक नाही. आत पिल्लू वाढलं असतं तर त्याला ऑक्सिजन याच वाटेने मिळाला असता आणि कार्बन डायऑक्साइड याच वाटेने बाहेर गेला असता. कवच बंद करून चालत नाही आणि उघडं ठेवूनही चालत नाही. म्हणून छिद्रांच्या तोंडाशी हे क्युटिकल. हवा जाऊ देतं, पाणी आणि त्याबरोबर येणारे जिवाणू अडवतं.

[दृश्य: टेबलावर रिकामं अर्धं कवच. आतून निळा रंग लावला जातो.]

अंडं फोडून कवच रिकामं केलंय आणि आतून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा हात दिलाय. कवच उलटं करून ठेवलं. थोडा वेळ काहीच दिसत नाही. मग पहिला निळा ठिपका बाहेरच्या बाजूला उमटतो. त्याच्या शेजारी दुसरा. मग मोजणं सोडून द्यावं लागतं.

(इथे निवेदन नाही. ठिपके उमटत राहतात.)

जो रंग आतून बाहेर येतो, त्याच वाटेने बाहेरचं आतही जाऊ शकतं.

[दृश्य: अंडी धुण्याचं यंत्र. सरकता पट्टा, फवारे, फिरते ब्रश.]

हे यंत्र बघण्यासारखं आहे, म्हणून जरा थांबू. अंडी रुळांवर गोल फिरत पुढे सरकतात. वरून गरम पाण्याचे फवारे, बाजूने ब्रश. मग जंतुनाशकाचा फवारा आणि शेवटी गरम हवेचा झोत. शेण, पिसं, रक्ताचे डाग सगळं साफ. दिसायला सुरेखच.

पाण्याच्या तापमानाचा नियम इथे कडक असतो, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कोमट अंडं गार पाण्यात बुडवलं, की आतला ऐवज आकसतो. आत किंचित पोकळी तयार होते आणि अंडं छिद्रांतून बाहेरचं पाणी ओढून घेतं. धुतलेल्या घाणीसकट. म्हणून अमेरिकेत पाणी किमान ३२ अंश सेल्सिअस आणि अंड्यापेक्षा किमान ११ अंशांनी जास्त गरम असावं लागतं. नळाखाली अंडी धरणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा एकदा पाहावं. स्वच्छतेच्या हौसेपायी आपण नेमकं उलटं करत असतो.

या ब्रशांखाली क्युटिकलही झिजतं. कुठे पूर्ण जातं, कुठे तुकड्यातुकड्यांत उरतं. त्यामुळे अशा अंड्याला पुढे थंडीचाच आधार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा २००९ मध्ये जाहीर झालेला नियम सांगतो, की मोठ्या फार्मवरची अंडी घातल्यापासून ३६ तासांनंतर ७ अंश किंवा त्याखालीच राहिली पाहिजेत. साठवणीत आणि वाहतुकीतही. दुकानातही ती शीतकपाटातच सापडतात.

[दृश्य: न धुतलेली अंडी, एकावर बारीकसं पीस चिकटलेलं. ट्रे साध्या मांडणीवर.]

युरोपीय संघाने बरोबर उलटी वाट धरली. तिथे 'अ' वर्गाची, म्हणजे ग्राहकाला थेट विकायची अंडी धुवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. विक्रीआधी ती ५ अंशांखाली थंडही करायची नसतात. विचार असा, की क्युटिकल शाबूत ठेवा आणि अंडं मुळात घाण होणार नाही असं खुराडं ठेवा. धुण्याची सोय असली की घरटी साफ ठेवण्याचा कंटाळा करता येतो, ही त्यातली ग्यानबाची मेख. आम्हाला हा विचार पटतो. मात्र युरोपचं नाव घेऊन 'अंड्याला फ्रिज नकोच' म्हणणारे एक गोष्ट सांगत नाहीत. तिथल्याच नियमांनुसार, विकत घेतल्यानंतर अंडी थंड जागी ठेवा, असा सल्ला ग्राहकाला द्यावा लागतो. थंड करायला मनाई आहे ती दुकानापर्यंतच्या प्रवासात, कारण त्या प्रवासात अंडं थंड-गरम होत राहतं.

[दृश्य: फ्रिजमधून काढलेलं अंडं टेबलावर. अगदी जवळून.]

थंड-गरम झाल्यावर काय होतं ते हे. आधी कवच धुरकट दिसतं. मग बारीक थेंब धरतात, दोन थेंब मिळून एक होतो आणि ओघळतो. अंड्याला घाम फुटला. कवच ओलं झालं, की वर कोरडे, निपचित पडलेले जिवाणू हालचाल करू लागतात आणि छिद्रांकडे जाणारी वाट त्यांना आयती मिळते. म्हणून एकदा फ्रिजमध्ये गेलेलं अंडं फ्रिजमध्येच राहू द्यायचं. बाहेर काढलं तर दोन तासांच्या आत वापरायचं.

[दृश्य: अंधारी खोली. अंड्यामागे दिवा.]

दिव्यासमोर धरलं की अंडं आतून पेटल्यासारखं दिसतं. बोथट टोकाशी ही फिकट टोपी आहे ना, ती हवेचा कप्पा. कोंबडीच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश. अंडं बाहेर येऊन गार होतं, आतला ऐवज आकसतो, दोन पापुद्रे त्या टोकाला एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये हवा शिरते. दिवस जातात तसं छिद्रांतून पाणी वाफ होऊन जातं आणि टोपी मोठी होते. डावीकडचं अंडं ताजं आहे, उजवीकडचं बरंच जुनं. पाण्यात अंडं तरंगतं ते या कप्प्यामुळे. तरंगलं म्हणजे अंडं जुनं, एवढंच त्यातून कळतं. बुडालेलं अंडं निर्धोक असतं, असं मात्र नाही.

दिव्यावर आणखी एक गोष्ट पकडता येते, ती केसाएवढी चीर. बोटांना ती लागतही नाही. चीर गेलेलं अंडं साठवायचं नाही, मग कुठेही ठेवा.

[दृश्य: सपाट काचेवर दोन अंडी फोडली जातात. कॅमेरा काचेच्या पातळीवर.]

दोन्ही अंडी एकाच दिवसाची. पहिलं थंडीत ठेवलेलं, दुसरं गरम खोलीत. पहिल्याचा बलक उंच उभा आहे आणि भोवती घट्ट पांढरा भाग. दुसरं काचेवर पसरलं, पार कडेपर्यंत. यामागे कार्बन डायऑक्साइड आहे. ताज्या अंड्यात तो विरघळलेला असतो, छिद्रांतून हळूहळू निघून जातो आणि पांढऱ्या भागाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कली पातळी) ७.६ च्या आसपासून ९ च्या वर चढतो. घट्टपणा सुटतो. रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये या घट्ट पांढऱ्या भागाच्या उंचीवरून अंड्याचा दर्जा मोजायची रीत दिली, ती आजही वापरात आहे. अंड्याच्या धंद्यात असाही एक ठोकताळा सांगतात, की खोलीतला एक दिवस म्हणजे फ्रिजमधला आठवडा.

बलकाभोवतीचा पडदाही उष्णतेने सैल होतो आणि बलकातलं लोह व इतर पोषण पांढऱ्या भागात झिरपू लागतं. एरवी पांढरा भाग जिवाणूंना उपाशी ठेवतो. त्यातलं एक प्रथिन लोह धरून बसतं आणि लायसोझाइम हे दुसरं प्रथिन जिवाणूंच्या भिंती फोडतं. पडदा सैल झाला की हा पहारा ढिला पडतो.

साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जिवाणूचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच असू शकतो आणि कवच चढण्याआधीच अंड्यात पोचतो. तिथे क्युटिकलचा काही इलाज चालत नाही. अशी अंडी फार थोडी असतात आणि वासावरून ओळखू येत नाहीत. खाल्ल्यावर ६ तास ते ६ दिवसांत ताप, जुलाब, पोटात कळा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना धोका जास्त. ७ अंशांखाली हा जिवाणू जवळपास वाढत नाही आणि अंडं ७१ अंशांपर्यंत शिजवलं की मरतो.

[दृश्य: जुन्या काचेच्या बरण्या, पांढुरक्या द्रवात बुडालेली अंडी.]

फ्रिज येण्याआधी काय करत असतील? कोंबडी उजेडावर अंडी देते. दिवस लहान झाले की अंडी आटतात. भरपूर अंडी मिळतात त्या दिवसांत ती साठवून ठेवणं भागच होतं. या बरणीत चुन्याची निवळी आहे. त्या दुसऱ्या बरणीत वॉटरग्लास, म्हणजे पाण्यात कालवलेलं सोडियम सिलिकेट. दोन्हींचं काम छिद्रं बुजवण्याचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशी अंडी महिनोन्महिने टिकवत. अट एकच: अंडी ताजी आणि न धुतलेली हवीत. धुतलेलं एक अंडं बरणीत गेलं की सगळी बरणी नासायची भीती.

हे हात बघा. अंडं उकडण्याआधी बोथट टोकाला टाचणीने भोक पाडतायत. छिद्रं बंद असल्यामुळे आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडायला जागा नसते, मग अंडं भांड्यात फुटतं. जुनी रीत म्हणून हे दाखवलं. फ्रिज असताना घरी करून पाहायची काही गरज नाही.

[दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजचं दार उघडतं.]

दारातल्या या खाचा अंड्यांसाठी कोणी काढल्या, देव जाणे. फ्रिजमध्ये सगळ्यात जास्त हेलकावे आणि सगळ्यात जास्त तापमानबदल तिथेच. अंडी आतल्या कप्प्यात, आणलेल्या खोक्यातच ठेवा. बोथट टोक वर, म्हणजे हवेचा कप्पा वर राहतो आणि बलक त्याच्यापासून दूर. खोकं बंद असेल तर कांद्या-लसणाचा वासही आत जात नाही.

अंडी धुतलेली असतील, किंवा धुतली होती की नाही हे माहीत नसेल, तर थेट फ्रिज. न धुतलेली, अखंड, ताजी अंडी गार आणि कोरड्या जागी काही दिवस बाहेर राहू शकतात. पण खोलीचं तापमान तिशीच्या घरात गेलं, की बाहेर ठेवण्याचा हट्ट सोडावा. काचेवर पसरलेलं दुसरं अंडं तुम्ही पाहिलंच आहे. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि ते अंडं आधी संपवा. धुवायचंच असेल तर फोडायच्या तोंडावर, अंड्यापेक्षा गरम पाण्याने. नंतर हात साबणाने.

कवचासकट अंडं फ्रीझरमध्ये टाकू नका, तडकतं.

[दृश्य: उकडलेली अंडी सोलणारे हात. एकाचं कवच सरळ निघतं, दुसऱ्याचं लचके तोडत.]

लचके निघतंय ते ताजं आहे. सामू अजून चढलेला नाही, म्हणून पापुद्रा पांढऱ्या भागाला धरून आहे. उकडायला आठवडाभर जुनी अंडी बरी. उकडल्यावर मात्र टिकाऊपणाचा हिशोब बदलतो. उकळत्या पाण्याने क्युटिकल जातं आणि पांढऱ्या भागातली जिवाणूंशी लढणारी प्रथिनं निकामी होतात. त्यामुळे उकडलेलं अंडं, सोललेलं असो वा नसो, दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं आणि आठवड्याच्या आत खायला हवं.

[श्रेयनामावली.]